म्हातारी विचारत नाही, पुसते

शुक्रवार, २८ सप्टेंबर १९५६. मेलकावेरी, कुंभकोणम्‌.

सगळ्यांच्या आधी आली ती मागल्या आळीची धनलक्ष्मी. चार वर्षे आमच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नव्हता, आणि आज मी काफीचा दुसरा लोटा तोंडाला लावते न लावते तोच पदरात शेवग्याच्या शेंगा घेऊन दारात उभी. "मीनाक्षी अक्का, यंदा झाड नुसते लगडले आहे," म्हणे. झाड चार वर्षांपूर्वीही होते. शेंगाही लागत होत्या. मी म्हटले, "मी काही बोलत नाही, धनलक्ष्मी, पण सुंदरीच्या घरच्या लग्नात माझ्या सांबाराला डाळ धुतलेले पाणी म्हणालीस ती तूच ना?" तर म्हणते, "अय्यय्यो अक्का, सांबाराला नव्हे, मी रसमाला म्हणाले!" रसमही मीच केले होते.

मागोमाग सुंदरी आली, केळफूल घेऊन. मग पट्टीश्वरम्‌हून एक गृहस्थ, ओळख ना देख, गुळाची ढेप घेऊन. सूनबाई लक्ष्मीदेवी म्हणाली, "आत्याबाई, आज कसला सण आहे?" मला तरी काय ठाऊक. दुपारी विठ्ठलमंदिराची व्यवस्था पाहणारा जानकीराम आला तेव्हा उलगडा झाला. नवरात्रात मंडपात आपल्या मराठी घरांतल्या मुलांची नाटके होतात, दरवर्षीचेच आहे. यंदा तीन नाटके आहेत आणि ती पाहायला पुण्याचे एक मास्तर आणि त्यांची बाई येणार. तंजावरला जुन्या नाटकांच्या पोथ्या वाचायला आले आहेत म्हणे. जे नाटक पहिले येईल ते तंजावरला मोठ्या सभेपुढे करायचे. पहिले कोण ते ठरवायला ती दोघे आणि गावातले एक तिसरे माणूस. ते तिसरे माणूस मी! कालच मंडपात जाहीर केले. सगळ्या गावाला आधी, मला शेवटी.

मी पुसले, "मलाच का?" तर आधी आमच्या ह्यांना सांगायला गेला होता. हे म्हणाले, "माझे कान गेले. आमच्या घरात ऐकायचे आणि बोलायचे दोन्ही काम हीच करते. हिलाच न्या." पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांनी माझी केलेली ही पहिली शिफारस.

मी म्हटले, "जानकीरामा, आमची अलमेलू एका नाटकात मारुती आहे. मी आजी. लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "अक्का, ज्याचे कोणी नाटकात नाही असा गावात एकच, मंडपातला गरुड. पण तो बोलत नाही."

म्हणजे मी बोलते म्हणून. असो. शेंगा, केळफूल, गूळ, सगळे त्याच्या हाती परत धाडले. शेंगा चांगल्या कोवळ्या होत्या.

अलमेलू माझ्या राधाकृष्णाची मुलगी, नऊ वर्षांची. मुलगी असून मारुती, कारण शेपूट लावून घ्यायला एकही मुलगा तयार होईना. ही म्हणाली, "मला द्या, मी दोन लावते." अशी आहे ती! संध्याकाळी ही बातमी कळल्यावर तिने काय केले? कपाटातून पत्र्याची पेटी काढून त्यात हिरवा परकर घडी करून ठेवला. तंजावरला न्यायला.

रविवार, ३० सप्टेंबर

एका घोड्याच्या जटक्यातून पुण्याचे पाहुणे आले. मास्तर उंच, वाकून चालतात. करंबेळकर त्यांचे नाव. माझ्या जिभेवर ते दोनदा अडकले, तिसऱ्यांदा मी 'मास्तर' म्हटले आणि विषय संपवला. बाई बुटक्या, चटचट बोलणाऱ्या. मी चार वाक्ये बोलले तर बाई हात जोडून म्हणतात, "आजी, किती गोड तुमची भाषा! अगदी जुन्या पोथीसारखी!" मी काय पोथी आहे? कसर लागली आहे का मला?

मग परीक्षा कशी करायची ते शिकवले. म्हणाल्या, आधी कोणाचे ऐकून मत करायचे नाही. नाटक चालले असता लोकांकडे पाहायचे नाही, रंगमंचाकडे पाहायचे. आणि जे दिसले ते लगेच लिहायचे, मागाहून आठवून नाही, कारण मागाहून माया आठवते. हे शेवटचे मला पटले. मी सांगितले, "बाई, माझे लिहिणे तिसऱ्या इयत्तेचे. ते सोडले तर वडिलांनी ओसरीवर बसवून बालबोध गिरवून घेतले तेवढेच. रोजची वही लिहिते, पण ती कोणी वाचत नाही म्हणून बरी दिसते." त्या म्हणाल्या, "तेवढे पुष्कळ." आणि एक कागद दिला. एका रकान्यात मुलाचे नाव, दुसऱ्यात काम, तिसरा मोठा रकाना, त्यावर लिहिले आहे 'गुण'. "प्रत्येकाचे गुण इथे लिहा, आजी. पंचवीसपैकी. प्रामाणिकपणे."

घरी येऊन मोजले. तिन्ही नाटकांत मिळून मुले सव्वीस होतात. एक कोणाला वगळायचे ते बाईंनी सांगितले नाही. शिकलेल्या बायकांचे असेच, अर्धे सांगतात.

देवळात तुळशीचे पान हातात घेऊन विठ्ठलाला सांगितले, की जे दिसेल तेच लिहीन. अलमेलू शेजारी उभी होती. "आजी, पण मीच दिसेन ना?" म्हणाली. गुणाची आहे, पण तोंड कोणाचे घेतले देव जाणे.

सोमवार, १ ऑक्टोबर

सवय व्हावी म्हणून आज घरातल्यांचे गुण लिहून पाहिले. काम काही सोपे नाही. लक्ष्मीदेवी: डोसे पातळ करते, हाताला चव आहे, आपटून ठेवते. राधाकृष्ण: आईला उलट बोलत नाही, कारण बोलतच नाही. आमचे हे: ह्यांच्यापुढे मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले. शेवटी लिहिले, 'कोणाचे वाईट चिंतीत नाहीत'. ह्यांनी वाचले आणि म्हणाले, "हे तर मंडपातल्या गरुडाचेही गुण."

दोष लिहायला रकाना नाही हे मोठे अवघड. दोष झरझर दिसतात. गुण पाहायला डोळे बारीक करून बसावे लागते.

डोळ्यांवरून आठवले, माझा चष्मा सापडत नाही. डावी काडी मोडली म्हणून दोरा बांधलेला, तोच. सगळे घर पालथे घातले. लक्ष्मीदेवी म्हणते, "तुम्हीच कुठे ठेवला असेल." मीच ठेवते सगळे! मुले शाळेत, मुलगा कचेरीत, सून माडीवर, हे झोपलेले. दुपारी कोणाला पुसणार? ओसरीच्या खांबाशी बोलते मी तेव्हा. तो निदान उलट उत्तर करत नाही.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

नवरात्राच्या कोलूच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडता मांडता कंबर गेली. पायऱ्या लावायला म्हणून हाक मारावी तर घरात कोणी नाही. अलमेलू पुन्हा पंकजेकडे. पंकजा म्हणजे धनलक्ष्मीची नात, हिच्याच वर्गात. तिचे नाटक निराळे, हिचे निराळे, एकमेकींच्या विरुद्ध. तरी दोघी दिवसभर एकीच्या कानाला दुसरीचे तोंड लावून खिदळतात. मी रस्त्याने गेले की एकदम गप्प. ही काय रीत?

अलमेलूच्या नाटकाची तालीम आमच्याच माडीवर होते. शिकवतो वरदराज. दोन वर्षे मुंबईत राहून आला आहे, त्यामुळे आपली भाषा त्याला चालत नाही. मारुतीने सीतेला म्हणायचे होते, "माते, रामाने तुझे कुशल पुसले आहे." वरदराज म्हणतो, "पुसले नाही, विचारले. पुसतात ती पाटी." मी जिन्यातून ओरडले, "अरे, माझ्या आजीच्या आजीपासून आम्ही पुसतो आहोत!" तो म्हणाला, "अक्का, पुण्याची माणसे हसतील." मग पोर दिवसभर 'विचारले, विचारले' घोकत बसली. जेवताना मला पुसते, "आजी, मी तुला एक विचारू का?" पाहुणीच वाटली मला घरातली.

काय विचारले तिने? "आजी, तू मला पहिली करशील ना? सगळ्या वर्गाला सांगितले आहे मी तंजावरला जाणार म्हणून. नाही केलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. कधीच." हसून नाही म्हणाली. डोळे अगदी माझ्या डोळ्यांत.

मी म्हटले, "जेव आधी."

माझा पानाचा डबाही गेला! पितळी, झाकणावर मोर असलेला. चष्मा एकवेळ मी ठेवला असेन कुठे, पण डबा? डबा मी कंबरेपासून दूर करत नाही. या घरात आता मीच तेवढी हरवायची राहिले आहे.

सोमवार, ८ ऑक्टोबर

काल नाटके झाली. काल लिहायला हात वळला नाही. आज सकाळपासून कोणी माझ्याशी बोललेले नाही, म्हणून वेळच वेळ आहे.

चारला मंडप भरला. मला मास्तर आणि बाई यांच्या मधे खुर्ची. चष्मा नाही, म्हणून ह्यांचा लावून बसले. त्याने जवळचे कागद स्वच्छ दिसतात, लांबची माणसे जरा पाण्यात असल्यासारखी दिसतात. चालवून घेतले.

आधी पट्टीश्वरम्‌ची मुले. कृष्ण लोणी चोरतो ते. लोणी खरे होते, ही कोणाची बुद्धी? कृष्णाने तोंडात गोळा भरला आणि भाषण आत अडकले. पेंद्या हात पसरून उभा, तर त्याला दिले नाही. लिहून घेतले.

मग आमचे. पडदा सरला आणि अलमेलू अशी उडी मारून आली की समोरच्या रांगेतली पोरे मागे सरकली. काय ती उडी! मी 'शाबास' म्हणणार होते, बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मग रावणाची मिशी सुटली. मग अलमेलूची शेपूट, काथ्याची, खिळ्यात अडकली आणि गळून पडली. लोक हसले. तिने ती उचलली, काखेत धरली आणि भाषण पुरे केले. एक शब्द चुकली नाही. 'विचारले' म्हणाली, अगदी पुण्याचे.

पण एक होते. ते मला पहिल्या क्षणापासून दिसले आणि मी ते न पाहण्याचा यत्न केला. सीता हिच्या डाव्या हाताला बसली होती, हात पसरून, डोळे भरून. आणि अलमेलू सगळे भाषण माझ्याकडे पाहून म्हणत होती. अंगठी सीतेला दिली तीसुद्धा माझ्याकडे पाहून. सीतेचा हात दुसरीकडे होता, अंगठी खाली पडली. पेन्सिल हातात होती, तुळशीचे पान आठवले, लिहिले.

शेवटी धनलक्ष्मीच्या आळीचे. नाव 'लग्नघर'. अजून आचाऱ्याने चूलही पेटवली नाही आणि एक म्हातारी सगळ्यांच्या आधी येऊन बसते, एवढेच ते. म्हातारी झाली होती पंकजा. कंबरेत वाकलेली, नाकावर चष्मा, कंबरेला पानाचा डबा. त्यांच्याकडेही तसलाच आहे वाटते. आली ती म्हणाली, "मी काही बोलत नाही, पण..." आणि मंडप जो हसला! पुढे ती थांबेचना. भांड्याचे झाकण उचलून वास घेते, आचाऱ्याला पुसते, "पुसते म्हणून राग मानू नको, पण डाळ कोणाच्या घरी ठेवून आलास?" केळीची पाने मोजते. नवरदेवाचे कान मोठे म्हणते, तेही त्याला ऐकू जाईलसे. बोलून झाले की डब्याच्या झाकणावर बोटाने तीन टिचक्या.

इतकी कटकटी बाई मी जन्मात पाहिली नाही. पण पोरीने केली ती हुबेहूब! कुठे पाहिली असेल? लोक हसून हसून वळत होते, आणि वळून माझ्याकडे पाहत होते. मी परीक्षक, म्हणून माझे मत काय ते पाहत असतील. मी चेहरा अगदी घट्ट धरला. आमचे हे, ज्यांचे कान गेले आहेत ते, मागे धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

मग मुहूर्त होतो. वाजंत्री वाजते, सगळे धावत आत जातात. म्हातारीला न्यायला कोणी थांबत नाही. लग्नघर रिकामे. ती इकडे पाहते, तिकडे पाहते. मग खांबाजवळ जाऊन बसते, डबा उघडते, एक पान खांबापुढे धरते आणि अगदी हळू म्हणते, "मी काही बोलत नाही..." आणि या वेळी खरेच पुढे काही बोलत नाही.

तिथेच पडदा. ह्यांचा चष्मा कसा कोण जाणे, आणखीच धूसर झाला. जुनी काच आहे.

मग आम्ही तिघे देवळाच्या कोठीत बसलो. पट्टीश्वरम्‌चे तिसरे, यावर दोघांचे जमले. पुढे अडले. मास्तर म्हणाले पहिले लग्नघर, बाई म्हणाल्या मारुती. "आता आजींचा कागद," म्हणून बाईंनी माझा कागद घेतला आणि पाहतच राहिल्या.

"आजी, आकडे कुठे आहेत?"

"कसले आकडे?"

"गुण!"

"लिहिलेत की. सव्वीसही मुलांचे. तुम्ही पंचवीस म्हणालात, पण कोणाला वगळणार? पोरे आहेत."

मास्तरांनी कागद ओढला आणि मोठ्याने वाचू लागले. 'यशोदा: कृष्ण भाषण विसरला ते तिने कडेवर घेण्याच्या मिषाने कानात सांगितले, चारचौघांत उघडे पाडले नाही. आईचे काम तेच. रावण: मिशी डाव्या हाताने धरून उजव्या हाताने भीती दाखवली. सीता: तिच्याकडे कोणी पाहत नव्हते तरी ती रडायची थांबली नाही.' आधी हसत वाचत होते. मग हसायचे थांबले आणि वाचत राहिले.

बाईंनी समजावून सांगितले, की त्यांच्याकडे 'गुण' म्हणजे शाळेतले मार्कु! मला जो राग आला! "मग मार्कु म्हणायचे की, बाई! आमच्याकडे गुण माणसाच्या अंगी असतात. कागदावर असतात ते मार्कु. चार दिवस मी डोळे फोडून गुण शोधते आहे!"

"चुकले माझे," बाई म्हणाल्या. "पण आता निकाल तुमच्यावर आहे. या दोघांना आकडा घाला. मला विचाराल तर पंकजा नावाची ती मुलगी हुशार आहे, पण तिची भाषा फार अशुद्ध. पुसले काय, पुसते काय. मारुतीची भाषा कशी स्वच्छ!"

पेन्सिल माझ्या हातात. मला काही करायचे नव्हते. मान हलवायची, बाईंच्या मागे एक आकडा घालायचा आणि अलमेलू तंजावरला. कोठीच्या दाराला फट आहे, तिच्यातून काथ्याच्या शेपटीचे टोक दिसत होते. जन्मात पहिल्यांदा माझी जीभ गप्प बसायला तयार होती.

मग ते खांबापुढे धरलेले पान आठवले. मी म्हटले, "मी काही बोलत नाही, बाई, पण..."

मास्तर ठसकलेच. बाईंनी तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडे असे काही पाहिले की जणू मी आताच दारातून आत आले. यात हसण्यासारखे काय होते?

मी म्हटले, "ती म्हातारी कुंभकोणम्‌ची आहे. कुंभकोणम्‌ची म्हातारी विचारत नाही, पुसते. ती तुमच्यासारखी 'विचारते' म्हणाली असती तर मी उठून घरी गेले असते. भाषा तिची होती, म्हणून ती चुकली नाही. आमच्या मारुतीची भाषा आणलेली आहे, म्हणून तो सीतेशी बोलेना, धडा म्हणू लागला. आणि धडा आजीला म्हणून दाखवतात. सीतेला नाही." एवढे बोलून दोन आकडे घातले. अलमेलू पंधरा. पंकजा बावीस.

मास्तरांनी पुसले, "तीन कशाचे कापले?"

"शेवटी फार हळू बोलली. मागच्या बायकांना ऐकू गेले नसेल."

"तुम्हाला आले?"

"मला आले," मी म्हटले.

दाराच्या फटीतून शेपूट निघून गेली होती.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

अलमेलू बोलत नाही. पेटी उघडून हिरवा परकर परत कपाटात ठेवला, मला दिसेलसा. मी डोश्याला दूध-गूळ दिले, खाल्ले नाही. लक्ष्मीदेवीही भांडी जास्तच आपटते. राधाकृष्ण म्हणाला, "आई, चार-पाच मार्कु इकडचे तिकडे झाले असते तर काय बिघडले असते?" एरवी बोलत नाही तो!

वरदराज रस्ता बदलून गेला. सुंदरीने केळफूल दिले होते ते परत पाठवले तरी 'दिले होते' म्हणून सांगत फिरते. आणि ज्या धनलक्ष्मीच्या नातीला पहिली केली तिने काय म्हणावे? "अक्का, तीन कापलेत ते माझ्यावरच्या रागाने ना?"

न्याय करायला बसवतात कशाला माणसाला? गरुडालाच बसवायचा होता.

दुपारी खांबाशीसुद्धा बोलले नाही.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

आज सकाळी पंकजा आली, हातात माझा चष्मा आणि माझा डबा! दोन्ही! "अलमेलूने दिले होते, आजी. नाटकासाठी. तुम्हाला सांगू नको म्हणाली." मी हाक मारली, "अलमेलू, इकडे ये." आली. तीन दिवसांनी उंबऱ्यात उभी राहिली, मान खाली. मी पुसले, "विरुद्ध पार्टीला माझ्या वस्तू देतेस? शिकवलेस काय आणखी तिला?"

पंकजाच म्हणाली, "सगळे हिनेच शिकवले. टिचक्या तीनच मारायच्या ते. झाकण उचलून वास कसा घ्यायचा ते. फक्त शेवटचा खांब माझा. तो मी शाळेतून परत येताना पाहिला होता."

कुठला खांब, ते पुसायच्या आत पाहुणे निरोप घ्यायला आले. मी काफी केली. वितळलेल्या रागाची काफी गोड होते. बाई माझ्याशी फारच आदराने वागल्या. मास्तर म्हणाले, "आजी, तुमचा गुणांचा कागद मी नेतो. पुण्यात मुलांची नाटके तपासायला बसणाऱ्यांना दाखवीन." मी म्हटले न्या, पण शुद्धलेखन सुधारून घ्या. ते म्हणाले, "एक अक्षर बदलणार नाही." आणि बाई म्हणाल्या, "मीही आता त्या म्हातारीचे बदलणार नाही. तंजावरलाही ती पुसेलच."

मग बाईंनी पुसले (होय, पुसलेच म्हणाल्या, हसून), "आजी, त्या नाटकाचा शेवट फार जिवाला लागतो. म्हातारी एकटी राहते. तुम्हाला काय वाटते, तसाच ठेवावा?"

मी म्हटले, "त्यात लागायचे काय? चार वाजता शाळा सुटते. नात येईल की."

का कोण जाणे, मास्तरांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतले. मग अलमेलूकडे पाहून म्हणाले, "म्हातारीला एक नात लागेल. एकच वाक्य आहे. 'आजी, मी आले.' कोणाकडे पाहून म्हणशील?"

"आजीकडे," अलमेलू म्हणाली.

"कोणत्या आजीकडे?"

तिने जरा विचार केला आणि पंकजेकडे बोट दाखवले. शिकली पोर! मी पंचवीसपैकी पंचवीस दिले असते, पण आता मला पुसतो कोण.

जटक्यापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा तिने माझे बोट धरले. म्हणाली, "आजी, खरी पहिली तूच आलीस." मी म्हटले, "मी परीक्षक, माझा कसला नंबर?" तर ती आणि पंकजा पोट धरून हसल्या, आमचे हेही हसले. काय ते कोणी सांगेना. या घरात मला कधी कोणी सरळ उत्तर दिले आहे? पेटी परत निघाली, परकर परत आत गेला. आता तालीम आमच्या ओसरीवर, रोज दुपारी चारला, खांबापाशी. धनलक्ष्मीही बसायला येणार, नातीवर लक्ष ठेवायला म्हणे. शेंगा घेऊन आली तर या वेळी परत करणार नाही. पण म्हणजे महिनाभर मला खांबाशी एक शब्द बोलायला सवड मिळायची नाही.

मास्तर आणि बाई मुलांना तंजावरला न्यायला पुन्हा येणार. कार्तिकी पौर्णिमा, रविवार, १८ नोव्हेंबर. सकाळच्या गाडीने येतो म्हणाले.